पाहुण्यांनी उभे राहावे

"देवाच्या घरी कुणीही पाहुणा नसतो!" असे कंडक्टरांनी बाथरूमच्या दारात उभे राहून जाहीर केले आणि पाहुण्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या टॉवेलला तोंड पुसले.

टॉवेल पांढराशुभ्र होता, मऊ होता आणि पाण्याला अजिबात हात लावत नव्हता. पाहुण्यांचे टॉवेल असेच असतात. तोंड कोरडे करण्यापेक्षा आपली घडी शाबूत राखण्याकडे त्यांचा ओढा जास्त. शेजारच्या खुंटीवर घरच्या माणसांचा टॉवेल होता. विटलेला, एका कडेला उसवलेला, पण कामाचा. कंडक्टर आठवडाभर त्याच्याकडे हेव्याने पाहत होते.

त्यांची सगळी नोकरी बसमध्ये उभे राहून बसलेल्यांना तिकिटे देण्यात गेली होती. निवृत्तीनंतर गुडघे आणि कंडक्टर यांच्यात एक करार झाला होता: गरजेशिवाय उभे राहायचे नाही. सुटीसाठी ते मुलाकडे आले होते. उद्याचे परतीचे तिकीट हरवू नये म्हणून सूनबाईंनी ते फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावून ठेवले होते. त्यामुळे दूध घ्यायला गेले, की आधी तिकीट दिसे. तिकीट हातात पडल्यावर माणसाला काय वाटते, हे इतकी वर्षे तिकिटे फाडूनही त्यांना ठाऊक नव्हते. आता कळत होते.

कारण त्यांना परत जायचे नव्हते. बायको गेल्यापासून तिकडच्या घरी ते आणि रेडिओ असे दोघेच. रेडिओ बोलायचा भरपूर, पण ऐकून म्हणून घ्यायचा नाही. 'मी राहू का?' एवढी चार अक्षरे आठ दिवस त्यांच्या घशात अडकून बसली होती. पण असे विचारायला घरात थोडा हक्क लागतो, आणि हक्क कामाने येतो. इथे त्यांनी कपाला हात लावला, की सूनबाई धावत येत. "अहो बाबा, ठेवा तो! तुम्ही पाहुणे ना!" दाराशी कचऱ्याची पिशवी भरून बसलेली असे, ती त्यांनी उचलली, की चिरंजीव ती हिसकावून घेत. "बाबा, लोक काय म्हणतील?" ज्या घरात आपल्याला काम सांगत नाहीत, त्या घरात आपण राहत नसतो, नुसते उतरलेलो असतो, हे कंडक्टरांना कळून चुकले होते.

"चला, चर्चला उशीर होतोय," चिरंजीव म्हणाले.

निघताना सूनबाईंनी एक चहाचा मग नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकला. मगावर 'आपले स्वागत आहे' असे लिहिले होते. चिरंजीवांच्या कोटाचा खिसाही त्याच आकाराने फुगला होता.

"मग कशाला?" कंडक्टरांनी विचारले.

"लागतो," सूनबाई म्हणाल्या. पावसाळ्यात छत्रीबद्दल विचारले तर लोक ज्या सुरात सांगतात, त्या सुरात.

"आणि मला?"

"तुम्हाला मिळेल की! तुम्ही तर खरेच पाहुणे."

चर्च टायरच्या दुकानाला लागून होते. दाराशी एक टोपली ठेवली होती, आणि आत येणारा प्रत्येक जण पिशवीतून, पर्समधून, खिशातून मग काढून तिच्यात ठेवत होता. गाव तेवढ्या चाली, असे कंडक्टरांनी मनाशी म्हटले. ते आत जाऊन तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला टेकले. शेजारी चिरंजीव, त्यांच्या पलीकडे सूनबाई. पुढच्या बाकावर मोत्यांची तिपेडी माळ घातलेल्या एक बाई होत्या. त्या ज्या सराईतपणे बाकाखालचे पायपुसणे पायाने ओढून घेत होत्या, त्यावरून त्यांचा जन्म त्याच बाकावर झाला असावा.

पहिले गीत झाले. मग पाळकसाहेब थकल्या आवाजात म्हणाले, "आज आपल्यात जे कुणी पाहुणे असतील, त्यांनी कृपया उभे राहावे."

खडखड आवाज झाला आणि अख्खे चर्च उभे राहिले.

म्हातारे उभे राहिले. कडेवरच्या मुलांसकट आया उभ्या राहिल्या. मोतीवाल्या बाई उभ्या राहिल्या. बाजा वाजवणारा उभा राहिला आणि उभ्यानेच एक सूर लावून राहिला. बसलेले लोक आणि उभे आपण, एवढेच दृश्य कंडक्टरांनी जन्मभर पाहिले होते. ते असे उलटे झालेले पाहून त्यांना क्षणभर आपणच प्रवासी आहोत आणि आता कुणीतरी तिकीट विचारणार, असे वाटले.

"बाबा, उठा!" चिरंजीव दातांवर दात ठेवून म्हणाले.

"का म्हणून? देवाच्या घरी कुणीही—"

"तत्त्वं घरी गेल्यावर! आधी उठा, नाहीतर गळ्यात पडेल!"

पण पाळकसाहेबांनी पाहिले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आपण... बसला आहात?"

"हो. गुडघे," कंडक्टर म्हणाले.

"म्हणजे आपण पाहुणे नाही?"

"देवाच्या घरी मी कसला पाहुणा?"

"सदस्य!" पाळकसाहेबांनी दोन्ही हात वर केले. "मंडळी, आपल्याला सदस्य मिळाला!"

उभ्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. बुडत्याला काडी सापडते तेव्हा काडीसाठीही कुणी टाळ्या वाजवाव्यात, अशा त्या टाळ्या होत्या.

प्रकार असा होता. या चर्चमध्ये पाहुण्यांना पहिला चहा, पंख्याखालची जागा आणि भेट म्हणून एक मग मिळे. सदस्यांना काम मिळे. दार उघडणे, केर काढणे, कप विसळणे आणि सगळ्यात वाईट म्हणजे समितीत बसणे. मग कधीतरी एक हुशार सदस्य 'पाहुण्यांनी उभे राहावे' म्हटल्यावर सहज उभा राहिला. पुढच्या रविवारी त्याचा शेजारी. एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारू नये म्हणतात, पण इथे सगळा गोठाच रिकामा झाला. कुणाला खोटे पाडायचे म्हणजे आधी आपण सदस्य म्हणून बसून राहायचे. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? भेटीचे मगही संपले, तेव्हा मंडळी आपापले मग घरून आणू लागली. दाराशी द्यायचे आणि स्वागताच्या वेळी परत घ्यायचे. पण ते द्यायला सदस्यच नसल्यामुळे अलीकडे जो तो आपला मग टोपलीतून स्वतःच घेई आणि स्वतःचे स्वागत करून घरी जाई.

"पण बाई, तुम्ही तर इथल्याच दिसता," कंडक्टर मोतीवाल्या बाईंना म्हणाले.

"छे हो! बाप्तिस्मा इथला, लग्न इथलं, एवढंच. बाकी येत असते आपली अधूनमधून."

"मागच्या रविवारी?"

"आले होते."

"त्याच्या मागच्या?"

"रविवारी दुसरीकडे कुठं जाणार माणूस?" बाई चिडून म्हणाल्या.

"निदान पाळकसाहेब, तुम्ही तरी?"

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. "मीही पाहुणा म्हणूनच आलो होतो. एका रविवारच्या उपदेशासाठी. तेव्हा माझे केस काळे होते."

टोपली कंडक्टरांच्या हातात आली, आणि त्यांच्या अंगात जुना आवाज संचारला. "पुढे सरका, पुढे सरका! मागच्यांना जागा द्या! दारात कुणी थांबू नका!" मंडळी मुकाट्याने सरकू लागली. इतक्या शिस्तीत ती स्वर्गाच्या दारातही सरकली नसती. प्रत्येकाला ज्याचा त्याचा मग परत मिळत होता, आणि प्रत्येक जण "अहो, कशाला उगीच!" म्हणून तो घेत होता. पाळी चिरंजीवांची आली.

"आपलं स्वागत आहे. कुठून आलात?"

"बाबा, चेष्टा पुरे."

"सदस्याला सगळ्यांना विचारावं लागतं. कुठून आलात?"

"तिसऱ्या मजल्यावरून," चिरंजीव पुटपुटले.

"वा! आणि किती दिवस मुक्काम?"

शेवटचा प्रश्न कंडक्टरांच्या तोंडून सवयीने गेला. आठवडाभर जिन्यात भेटणारा प्रत्येक शेजारी त्यांना तोच विचारत होता. चिरंजीवांनी मगात पाहिले, जणू उत्तर तळाशी असावे, आणि पुढे सरकले.

उपासनेनंतर वार्षिक सभा झाली. सदस्यांअभावी ती बरीच वर्षे तुंबली होती. पाहुणे चहा घेत प्रेक्षक म्हणून बसले.

"अध्यक्षपदासाठी नाव सुचवा," पाळकसाहेब म्हणाले.

"कोण सुचवणार?"

"तुम्हीच."

"मग मीच."

"अनुमोदन?"

"मीच."

"विरोधात कुणी?"

कंडक्टरांनी प्रामाणिकपणे विचार केला. त्यांना त्या माणसाबद्दल दोन-तीन शंका होत्या, पण त्याच्यापेक्षा बरा उमेदवार दिसत नव्हता. त्यांची निवड बिनविरोध झाली. मोतीवाल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "माणूस जरा हुकूमशहा वाटतो, नाही?"

मग अध्यक्षांनी बाह्या सरसावल्या आणि सगळे मग विसळायला घेतले. त्यांनी दोनदा मागे वळून पाहिले. कुणीही धावत आले नाही. कुणीही "ठेवा, ठेवा" म्हणाले नाही. एक जण तर येऊन "हा राहिला" म्हणून आणखी एक मग ठेवून गेला. इतके सुख त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाले नव्हते.

"आणि ही किल्ली," पाळकसाहेब ती दोन्ही हातांनी पुढे करत म्हणाले. "पुढच्या रविवारी जरा लवकर या. दार उघडायचंय."

"पुढच्या रविवारी ते नसतील," चिरंजीव म्हणाले. "उद्याचं तिकीट आहे त्यांचं."

बाज्याचा सूर थांबला. पलीकडच्या दुकानात टायरमध्ये हवा भरल्याचे ऐकू येऊ लागले.

"म्हणजे मग," मोतीवाल्या बाई सावकाश म्हणाल्या, "आपल्यापैकी कुणालातरी बसावं लागणार?"

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. मग एकेक करून सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी जाऊन थांबले.

"मुलगा आहे की त्यांचा!" मागून कुणीतरी म्हणाले. "बापानंतर मुलगा. जगरहाटीच आहे!"

चिरंजीवांचा चेहरा पाहुण्यांच्या टॉवेलसारखा पांढरा पडला. त्यांना डोळ्यांसमोर केर दिसला, मगांचा ढीग दिसला, समिती दिसली.

"बाबा कुठेही जाणार नाहीत!" ते ओरडले. "हेच त्यांचं घर! आम्ही त्यांना जाऊच देणार नाही!"

टाळ्यांनी चर्च दणाणले. मोतीवाल्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

घरी परतताना वळणावर कंडक्टर म्हणाले, "घाबरून बोललास तू."

"घाबरून बोललो. पण खोटं नाही बोललो."

"मग आठ दिवस काय तोंड शिवलं होतं तुझं?"

"तुम्ही दिवसातून दहादा फ्रीजकडे बघायचा, बाबा! आम्हाला वाटलं, तुम्हाला जायची घाई झालीय."

"मी तर म्हणत होते यांना," सूनबाई म्हणाल्या, "की विचारा एकदा. तर म्हणे, बाबांना इथं करमत नाही. आपण कुठल्या कामाला हात लावू देत नाही म्हणून रुसतात."

कंडक्टरांनी खिशातली चर्चची किल्ली चाचपली. प्रवासी गाडीत का चढला, हे कंडक्टरने विचारायचे नसते. योग्य थांब्यावर उतरला म्हणजे झाले.

घरी आल्यावर सूनबाईंनी फ्रीजवरचे चुंबक बाजूला केले, तिकीट काढले आणि त्याचे चार तुकडे केले. खोलीत एकदम गंभीर वातावरण झाले. चिरंजीव खिडकीबाहेर पाहू लागले. अशा वेळी घरातल्या मोठ्या माणसाने चार शब्द बोलायचे असतात. कंडक्टर गुडघ्यांचा करार मोडून उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला. एक हात किल्ली असलेल्या खिशावर ठेवला.

"आज मला एवढंच सांगायचंय," ते म्हणाले, "की माणूस जन्माला येतो तेव्हा—"

"बाबा," सूनबाई म्हणाल्या, "उभेच आहात, तर तेवढा कचरा खाली टाकून येता?"