चौदा नंबरची काच

काउंटर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दुकान उभं राहतं, हे मला ठाऊक आहे. तसा मी नव्हे, मित्रांनो. मी रक्तातल्या पेशी मोजायचा काउंटर आहे, आणि वयाने चांगलाच जुना. जेवणाच्या डब्याएवढी माझी लोखंडी पेटी. पुढे पाच बटणं, प्रत्येक बटणावर आकड्याची छोटी खिडकी, उजव्या कुशीला सगळे आकडे शून्यावर आणणारी मूठ आणि पोटात एक घंटा. मला वीज लागत नाही. कुणी अदबीने दाबलं की मी चालतो, आणि कुणी आदळआपट केली तरी बिचारा चालतोच.

माझं काम सोपं आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाच जातींच्या असतात. रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरून रंगवला की मायक्रोस्कोपखाली त्या ओळखता येतात. बघणाऱ्याने डोळे मायक्रोस्कोपला लावायचे आणि बोटं माझ्यावर ठेवायची. ज्या जातीची पेशी दिसेल तिचं बटण दाबायचं. शंभर पेशी झाल्या की माझी घंटा वाजते. कुठल्या जातीच्या किती निघाल्या, यावरून डॉक्टरांना आजाराचा माग लागतो.

विद्यापीठात प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला, तेव्हा मी नवा कोरा तिथे आलो. पहिल्या तुकडीची मुलं माझ्यासाठी भांडायची. कारण बाकीचे काउंटर मध्येच अडकायचे आणि मी कधीच अडकायचो नाही. (स्वतःची स्तुती करू नये, पण ती करायला दुसरं कुणी उरलेलं नाही.) पुढे मोठं मशीन आलं. ते मिनिटभरात हजारो पेशी मोजतं आणि कागदही छापून देतं. मग माझी रवानगी कपाटात झाली. फुटक्या नळ्या आणि संपलेल्या रंगांच्या बाटल्यांच्या संगतीत मी कित्येक वर्षं काढली. फार वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

मला बाहेर काढलं ते विभागात शिकवणाऱ्या मॅडमनी. मशीन बंद पडलं म्हणून रुग्ण थांबत नाही, मुलांना हाताने मोजता आलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी मला तेल दिलं, फडक्याने पुसलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. शेजारी मायक्रोस्कोप, आणि त्याच्याखाली परीक्षेसाठी जपून ठेवलेली चौदा नंबरची काच. त्या काचेचं बरोबर उत्तर मॅडमच्या वहीत होतं. साठ, बत्तीस, पाच, तीन, शून्य. निरोगी माणसाचं रक्त.

आता खरी गोष्ट सांगतो. मायक्रोस्कोपात काय दिसतं ते मला कळत नाही, पण बोटं समजतात. जो खरोखर मोजतो, त्याची बोटं अडखळतात. एक टिक, मग शांतता, मग दोन टिक, मग पुन्हा विचार. आणि ज्याला उत्तर आधीच माहीत असतं, तो एकच बटण साठ वेळा सलग बडवतो, मग दुसरं बत्तीस वेळा. चौदा नंबरचं उत्तर वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे न चुकता पोहोचत होतं. हुशार मुलं एकदोन आकडे इकडेतिकडे करायची, म्हणजे संशय नको. मॅडम कोपऱ्यात वह्या तपासत बसायच्या. माझी घंटा ऐकली की त्या समजायच्या, मोजून झालं. आणि माझी घंटा वेंधळी. शंभर झाले की ती वाजते, मग ते खरे असोत की बडवलेले. मला तोंड असतं तर मी केव्हाच बोंब मारली असती.

त्या वर्षी शेवटच्या वर्गात एक मुलगी होती. वर्गाने तिचं नाव ‘सावकाश’ ठेवलं होतं. कारण ती सगळंच सावकाश करायची. चिठ्ठीवरचं नाव दोनदा वाचायची, नळीवरचं तिसऱ्यांदा. सगळे जेवायला गेले तरी ही आपली काच पुसत बसलेली असायची. मला ती फार आवडायची. पेशी ओळखू आली नाही की तिचं बोट बटणावर नुसतं टेकून थांबायचं, आणि खात्री पटल्याशिवाय खाली जायचं नाही.

परीक्षेच्या दिवशी बारा जणांना माझ्या टेबलावर पाळीपाळीने यायचं होतं. प्रत्येकाला वीस मिनिटं. पेशी मोजण्याच्या या प्रश्नात जो नापास, तो सगळ्या प्रात्यक्षिकात नापास, असा नियमच होता. पास होणाऱ्यांचं सोमवारपासून मोठ्या रुग्णालयात प्रशिक्षण सुरू व्हायचं होतं. नापास झालं तर अख्खं वर्ष पाण्यात. सावकाशच्या आईने तिच्यासाठी नवा पांढरा कोट शिवून पाठवला होता, हे ती मैत्रिणीला सांगताना मी ऐकलं होतं. मैत्रिणीने तिला दारातच कानमंत्र दिला होता. “तिथे मोजत बसू नकोस गं. वीस मिनिटांत तुझं होणार नाही. साठ-बत्तीस-पाच-तीन लिही आणि ये.”

अकरा जण आले, बडवून गेले. अकरा वेळा घंटा वाजली. शेवटी सावकाश आली. तिने डोळे लावले, बोटं ठेवली आणि पहिल्याच मिनिटाला माझं चौथं बटण दाबलं. मग पुन्हा. मग पुन्हा. ते बटण दोन वर्षांत फारसं कुणी दाबलं नव्हतं, ते घट्ट झालं होतं. तिला जोर लावावा लागत होता, आणि तरी ती दाबत होती. घंटा वाजली तेव्हा चौथ्या खिडकीत अठ्ठावीस होते. तीनच्या जागी अठ्ठावीस.

मैत्रिणीचा कानमंत्र तिला आठवला असावा. मग तिने पेन्सिल उचलून उत्तरपत्रिकेवर ‘साठ’ लिहिलं. पण लगेच तिने ते खोडलं, माझी मूठ फिरवून मला शून्यावर आणलं आणि घड्याळाकडे बघत पुन्हा पहिल्यापासून मोजलं. या वेळी सत्तावीस. सावकाशने आयुष्यात इतकं भरभर काही केलं नसेल. वेळ संपता संपता तिने दोन्ही वेळचे आकडे लिहिले आणि खाली सही केली.

संध्याकाळी तोंडी परीक्षेला मॅडम आणि बाहेरून आलेले परीक्षक सर माझ्याच टेबलाशी बसले. मॅडमनी तिची उत्तरपत्रिका वहीशी ताडून पाहिली आणि त्यांचा चेहराच पडला. ही काच आठ वर्षं साठ-बत्तीस आहे, तुझं लक्ष कुठे होतं, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, असं बरंच काही त्या बोलल्या. सावकाशच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आवाज तिने सांभाळला.

“मॅडम, मी दोनदा मोजलं. तुम्ही एकदा बघाल का?”

मॅडमनी नाराजीनेच खुर्ची पुढे ओढली. किती वर्षांनी त्यांची बोटं माझ्यावर आली होती. पहिल्या दहा पेशी त्यांनी झपाझप मोजल्या, मग त्यांचा वेग कमी झाला. चौथ्या बटणावर त्यांचं बोट पुन्हा पुन्हा जाऊ लागलं. घंटा वाजल्यावर त्यांनी खिडकीत पाहिलं. अठ्ठावीस होते.

“अकरा जणांचे आकडे इतके जुळले, याचं मला मघापासून कौतुक वाटत होतं,” परीक्षक सर म्हणाले. त्यांच्या आवाजात मात्र कौतुक नव्हतं.

काचांची पेटी प्रयोगशाळेच्या काकांच्या ताब्यात असायची. टेबलं पुसणं, नळ्या धुणं, सगळ्यांना चहा देणं ही त्यांची कामं. त्यांना बोलावलं तेव्हा ते दारातच उभे राहिले आणि न विचारताच सांगून मोकळे झाले. दोन वर्षांपूर्वी पुसताना खरी चौदा नंबरची काच त्यांच्या हातून फुटली होती. नोकरी जाईल या भीतीने त्यांनी ते लपवलं. त्याच आठवड्यात पहिल्या वर्गाच्या मुलांनी सरावासाठी त्यांच्या बोटाला सुई टोचून काचा केल्या होत्या. त्यातली एक त्यांनी पेटीत ठेवली आणि वर चौदाचा आकडा चिकटवला.

“रक्त सगळ्यांचं सारखंच की, म्हटलं,” काका म्हणाले आणि खोकू लागले.

तो खोकला कुणाला नवा नव्हता. वर्ग चालू असताना मागून यायचा. मुलं त्याची नक्कल करायची. मॅडमनीही दोनदा सांगितलं होतं, काका, परीक्षेत तरी बाहेर जाऊन खोका.

सावकाश उठली. “काका, खोकला कधीपासून आहे तुम्हाला?”

“दोन-अडीच वर्षं झाली असतील. रात्री जास्त. धूळ असते ना इथे.”

चौथ्या जातीच्या पेशी वाढल्या की अंगात काहीतरी बिघडलंय, आणि जुना खोकलाही त्यातलाच असू शकतो, हे तिथे शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ होतं. दोन वर्षं, दोन तुकड्या, चोवीस मुलं. काकांचं रक्त मायक्रोस्कोपखाली होतं, काका पाठीमागे चहा घेऊन उभे होते, आणि चोवीसमधल्या तेवीस जणांनी लिहिलं होतं की हा माणूस निरोगी आहे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना परत बोलावलं आणि आधी स्वतःची चूक कबूल केली. घंटा ऐकून मी मार्क देत होते, काचेत मी स्वतः बघितलंच नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. काकांना त्यांनी रागावलं नाही. फक्त म्हणाल्या, पुढच्या वेळी काही फुटलं तर आधी माझ्याकडे या. मग अकरा जणांना दुसऱ्या काचा देऊन त्यांनी बाजूला बसून मोजायला लावलं. पास सगळे झाले, पण घामाघूम होऊन. माझ्या बटणांना इतकी खरी बोटं बऱ्याच वर्षांनी लागली. सकाळभर मी नुसता टिकटिकत होतो आणि मनातून खूश होतो.

काकांच्या बोटाला ताजी सुई सावकाशनेच टोचली. नवी काच, नवी मोजणी, तीच वाढ. डॉक्टरांनी तपासून अंगात बारीक जंत झाल्याचं सांगितलं आणि तीन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. खोकला असा गेला की पहिले काही दिवस मॅडमना काका खोलीत आहेत की नाहीत, हेच कळेना.

सावकाश रुग्णालयात रुजू झाली. महिन्याभराने आईने शिवलेला कोट घालून ती काही कागद न्यायला आली, तेव्हा काकांनी तिला चहा दिला आणि समोर बसून राहिले.

“एवढी मुलं माझ्या रक्ताकडे बघून गेली,” ते म्हणाले. “बघितलंस तू एकटीने.”

तिने चहा संपवला आणि कप स्वतःच धुऊन ठेवला.

मित्रांनो, जुन्या यंत्राला तेल द्या, ते पुसून ठेवा, बटणं हळू दाबा, हे मी सांगायलाच हवं. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. तुमच्यापैकी कुणी उद्या पांढरा कोट घालून अशा टेबलावर बसेल. तुमच्यासमोर काच येईल, तिच्यावर नुसता आकडा असेल आणि उत्तर तुम्हाला कुणीतरी आधीच सांगितलेलं असेल. तेव्हा डोळे लावा आणि मोजा. ते रक्त कुणाचं तरी आहे, आणि तो माणूस तुमच्या भरवशावर घरी जाऊन झोपणार आहे.