शेजारी राहिलेली पातेली

मित्रांनो, मी एक जुनी, निळी, टवके उडालेली इनॅमलची पातेली आहे. माझ्या झाकणाची मूठ कधीच तुटली. तिच्या जागी दोऱ्याचं लाकडी रीळ बसवलंय. हसलात ना? खुशाल हसा. पण एवढ्या मोठ्या कोपरगावात युक्रेनची भाषा कळणारी आता मी एकटीच उरले आहे, आणि माझ्याशी त्या भाषेत बोलायला कुणीसुद्धा नाही.

माझा जन्म युक्रेनमधल्या एका कारखान्यात झाला. लोखंडी पत्रा ठोकून मला आकार दिला, वर काचेच्या भुकटीचा लेप चढवला आणि भट्टीत असं भाजलं की बाप रे! पोल्टावाजवळच्या एका खेड्यातल्या आईनं मला विकत घेतलं आणि आपल्या मुलीला लग्नात दिलं. ती मुलगी म्हणजे लेस्या. नवरा मात्र आपल्याकडचा, कानिफनाथ. तिकडे बिटापासून साखर करतात. ते शिक्षण घ्यायला तो गेला होता, आणि येताना बायको घेऊन आला!

कानिफनाथला इथल्या साखर कारखान्यात नोकरी लागली. लेस्या मराठी शिकली ती सगळी सासूकडून, रतनबाईकडून. त्यामुळे राग आला की तिच्या तोंडून रतनबाईच बाहेर पडायची. निळ्या डोळ्यांची ती गोरी बाई भाजीवाल्याला "आरं मुडद्या, काटा नीट धर की!" म्हणाली की सगळा बाजार माना वळवून बघायचा.

पण पहिल्या वर्षी ती फार रडायची. एकदा बाजारात तिला शेपूची जुडी दिसली. तिच्या गावी शेपूशिवाय जेवणाला चव नाही. ती जुडी नाकाला लावून भर बाजारात हुंदके देऊ लागली. तुम्हीही ताटात शेपू बघून रडता, ठाऊक आहे मला! पण तिचं रडणं वेगळं होतं. त्या दिवशी तिनं माझ्यात बीट, कोबी, बटाटा घालून तिकडचा लाल रस्सा केला आणि वर मूठभर शेपू पेरला. रतनबाईनं एक घोट घेतला आणि त्यात चमचाभर मिरचीचा ठेचा ढकलला. पुढे आमच्या घरी तो रस्सा कायम तसाच झाला.

भिंतीपलीकडे अमजदचं घर. अमजद टेम्पो चालवतो. त्याची बायको बानू नवी नवरी होऊन आली, तेव्हा लेस्यानं मला रश्शानं भरून तिच्याकडे पाठवलं. आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी परत आले ती गहू-मटणाचा खिचडा घेऊन. तेव्हापासून माझ्या येरझाऱ्या सुरू झाल्या. जाताना रस्सा, येताना कधी जांभळं, कधी गुळाचा खडा, आणि ईदला शिरखुर्मा. बानूच्या मुली, आलिया आणि फरहीन, तर आमच्याच स्वयंपाकघरात लहानाच्या मोठ्या झाल्या. लेस्या आता लेस्या आजी झाली होती. मुलींपुढे वाटी ठेवून ती म्हणायची, "यिझ, सेर्देन्को." म्हणजे, खा गं माझ्या काळजा. माझं केवढं कौतुक व्हायचं तेव्हा! फरहीन मला चाटूनपुसून लख्ख करायची.

मग रतनबाई गेली. काही वर्षांनी कानिफनाथही गेला. मुलगा रविराज नोकरीला दुबईला गेला. घर अगदी खायला उठायचं हो. दर रविवारी पोल्टावाहून बहिणीचा फोन यायचा, तेवढाच आजीला तिच्या भाषेचा घास मिळायचा. पुढे तिकडे युद्ध पेटलं. बहीण घर सोडून कुठे गेली, काय झालं, कळेना. फोन लागेना. आजी रविवारी मोबाईल मांडीवर घेऊन बसून राहायची.

मग ती माझ्याशी बोलू लागली. कांदा परतताना, बीट किसताना, त्याच भाषेत. गावाची नदी, आईचा ओरडा, बहिणीशी झालेली भांडणं, सगळं सगळं. मी पडले पातेली, उत्तर काय देणार? झाकण खडखडवायचे. तेवढ्यावर ती पुढे बोलत राहायची.

यंदाच्या रमजानात रोजा सोडायच्या वेळी आजीनं मला रस्सा भरून बानूकडे पाठवलं. बानूनं मला घासून फळीवर ठेवलं. दोन दिवसांनी भिंतीवरून आजीची हाक आली.

"बानू, माजी पातेली दे की गं."

"आजी, रिकामी कशी देऊ वो? ईद आलीच की. शिरखुर्मा भरून आनते."

"आगं, शिरखुर्मा नगं मला. पातेली दे. घर लई सुनं वाटतंय."

"आता पातेलीशी काय गप्पा मारता का काय?"

"व्हय, मारते!"

बानू खळखळून हसली. आजीही हसली. मी फळीवरून जिवाच्या आकांतानं ओरडत होते, अगं, ती खरं सांगतेय, दे मला! पण भांड्याचं कोण ऐकतो?

ईदच्या आधीच आजी मोरीत पाय घसरून पडली. दवाखान्यात नेलं, पण ती परत आली नाही. शेवटच्या दिवसांत त्या सुन्या घरात ती कुणाशी बोलली असेल? की गप्पच राहिली असेल? हे मला कधीच कळणार नाही, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

रविराज आला, सगळे विधी केले आणि कुलूप लावून गेला. ईदला बानूनं शिरखुर्मा केला, पण माझ्यात घातला नाही. तिला माझ्याकडे बघवेना. तिनं मला पिठाच्या डब्यामागे सरकवलं. तिथं अंधार आणि गप्पगप्प. बानू रोज भिंतीवरून पाइप सोडून आजीच्या अंगणातल्या शेपूच्या वाफ्याला पाणी मात्र घालायची. मला एकच ध्यास लागला होता. एकदा तरी भरून आपल्या घरी जायचं, आणि एकदा तरी तिची भाषा ऐकायची.

मग एका सकाळी शेजारी भांड्यांचा आवाज झाला. रविराज घर विकायला आला होता. दारात भंगारवाल्याची गाडी उभी होती आणि आजीची भांडी एकेक करून तिच्यात पडत होती. बानूनं भिंतीवरून पाहिलं, तशी आत आली आणि दूध तापायला ठेवलं.

"आज कुठली ईद काढली?" अमजदनं विचारलं.

"राहिलेली," बानू म्हणाली.

तिनं मला काठोकाठ भरलं आणि घेऊन गेली. मी घरी आले, मित्रांनो! पण ओट्यावर काहीच नव्हतं. भिंती उघड्या पडल्या होत्या. रविराजनं माझ्या झाकणावरच्या रिळाला बोट लावलं.

"हे मी बसवलं होतं, भाभी. शाळेत असताना."

"आजीनं मागितली हुती," बानू म्हणाली. "मी म्हनले, ईदला भरून देते. चुकलं माजं."

बानूनं घरून आणलेल्या वाटीत शिरखुर्मा वाढला, त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "यिझ, सेर्देन्को."

उच्चार पार वेडावाकडा होता. पण मी आतून थरथरले. रविराजचा हात वाटीवरच थांबला, डोळे भरून आले. मग तो हळूच म्हणाला, "द्याकुयु." म्हणजे उपकार झाले. त्या घरात ती भाषा शेवटची बोलली गेली ती अशी.

खाऊन झाल्यावर त्यानं मला स्वतः घासलं. परत देताना फळ्या धुंडाळल्या, कपाटं उघडली. घरात साखरेचा कणसुद्धा नव्हता. मग तो अंगणात गेला, वाफ्यातला शेपू उपटला आणि माझ्यात कोंबला.

"रिकामी कशी देऊ, भाभी?"

तेव्हापासून मी इथेच, बानूच्या फळीवर आहे. शेजारी आता नवी माणसं राहतात. बानू अधूनमधून माझ्यात लाल रस्सा करते, ठेच्यासकट. फरहीन शेपूला अजून नाक मुरडते. सगळं बरं चाललंय, पण नदीच्या आणि बहिणीच्या गोष्टी मला आता कुणी सांगत नाही.

म्हणून मित्रांनो, आज घरी गेलात की फळीवर नीट बघा. शेजारच्या एखाद्या आजीचं भांडं राहिलंय का? चांगलंचुंगलं शिजेल तेव्हा देऊ, असं म्हणू नका. चिमूटभर साखर घाला, पण आजच द्या. आणि दिल्यावर लगेच पळू नका. जरा टेका, ती काय सांगते ते ऐका. उत्तर नाही सुचलं तरी चालेल. मी तर नुसतं झाकण खडखडवायचे.