भिंतीचे राहिलेले दोन थर

सिंधू माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल मी कधी चांगलं बोलले नाही आणि आज बोलायला बसले तरी तोंडातून निघणार नाही. गल्लीतल्या बायका म्हणतात, शीला, आता तरी सोड. मी म्हणते, कशाला सोडू? तिनं सोडलंय का?

सुरुवात देवळीवरून झाली. सासरे वारले आणि दोघा भावांनी घर मधोमध वाटून घ्यायचं ठरवलं. घर म्हणजे काय, पुढं पडवी, मागं एक लांब खोली आणि वर पत्रे. माझा नवरा अंगद थोरला, तो शेती बघतो. धाकटा दयानंद शिरूर अनंतपाळला एका ऑफिसात शिपाई आहे. गवंड्यानं दोरी धरली तेव्हा देवाची देवळी बरोबर सिंधूच्या बाजूला गेली. थोरली सून मी, आणि देव तिच्याकडं. मी म्हटलं, दोरी हातभर सरकवा. ती म्हणाली, विहिरीकडचं दार तुम्हाला गेलं तेव्हा कुणी दोरी सरकवली नव्हती. बोलता बोलता ती माझ्या माहेरावर घसरली, मी तिच्या आईपर्यंत गेले. त्या दिवसापासून अबोला. त्याला अडीच वर्षं झाली होती.

भिंत उभी राहिली, पण वरचे दोन थर राहिले. विटा कमी पडल्या. राहिलेल्या कुणी आणायच्या यावर दोघे भाऊ अडून बसले आणि गवंडी कंटाळून निघून गेला. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये फट राहिली. पडवीत मी त्या फटीत खताची रिकामी पोती कोंबली, माझं बोलणं सिंधूला ऐकू जाऊ नये म्हणून. मागच्या खोलीतली फट तशीच राहिली, तिथं कोण चढणार होतं? सिंधूनं तर तिच्या वाटणीची पडवी विटा लावून बंदच केली आणि पत्र्याचं दार बसवलं. आमची उघडीच राहिली.

आम्ही बोलत नव्हतो, पण भिंत वाजवत होतो. माझा टीव्ही मोठा झाला की ती लाटण्यानं भिंत ठोकायची. मग मी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलायची आणि तिच्या दोनाला माझे पाच द्यायची. शेवटचा ठोका जिचा, ती जिंकली. मी बहुतेक वेळा जिंकायची. दिवसभर बरं वाटायचं मला.

पोरींना हे काही कळत नव्हतं. माझी ऋतुजा नऊ वर्षांची, सिंधूची वर्षाराणी आठची. शाळेत दोघी गळ्यात गळे घालून फिरायच्या, घराजवळ आल्या की वेगळ्या व्हायच्या. पोळ्याच्या दिवशी ऋतुजा मला तिकडं सापडली, सिंधूच्या हातची पुरणपोळी खाताना. मी तिला दंडाला धरून अंगणात आणलं, बदडलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले.

"पुन्हा त्या घरात दिसलीस तर तंगडं मोडीन. आन् तिथनं मला आई म्हणून हाक मारायची न्हाई, सांगून ठेवते."

ऋतुजा रडली नाही. ती माझ्यावर गेली होती, एकदा सांगितलेलं डोक्यात पक्कं ठेवायची.

पोळ्यानंतर झड लागली. चार दिवस झाले तरी पाऊस थांबेना. मागच्या खोलीत आमचा हरभरा होता, भिंतीला लावून पोत्यांची थप्पी पार वरपर्यंत. त्याला भुंगा लागला. पोत्याला हात लावला की पीठ गळायचं. अंगद गावातल्या महादेवप्पांच्या दुकानात गेला आणि धान्यात ठेवायच्या गोळ्या घेऊन आला. महादेवप्पा द्यायला तयार नव्हते. राहत्या घरात या गोळ्या ठेवू नका, यांचा वायू माणसाला मारतो, असं त्यांनी दोनदा बजावलं. अंगदनं, शेतातल्या आखाड्यावरच्या खोपीत ठेवायच्या आहेत म्हणून खोटंच सांगितलं. तिथं तर पाणी शिरलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं गोळ्या ठेवल्या, थप्पीवर ताडपत्री टाकली आणि खोलीचं दार ओढून घेतलं. आम्ही तिघं पडवीत झोपणार होतो, मोकळ्या हवेत. हात धुताना तो मला म्हणाला, "दयाच्या घरी फोन लाव. चार रोज मागच्या खोलीत जाऊ नका म्हणावं. माझा फोन त्यो उचलत न्हाई."

मी हाव, लावते म्हटलं.

एरवी असला निरोप सासूबाई नेतात. सगुणाबाई महिनाभर आमच्याकडं जेवतात, महिनाभर त्यांच्याकडं, आणि दोन्ही घरांचं बोलणं त्यांच्याच तोंडून होतं. पण त्या आठवडाभर जळकोटला लेकीकडं होत्या. म्हणजे फोन मलाच लावावा लागणार होता. अडीच वर्षांनी पहिला शब्द माझा जाणार, आणि तोही तिच्या भल्यासाठी. मी मोबाइल हातात घेतला, नाव काढलं आणि परत ठेवून दिला. म्हटलं, उद्या बघू. खरं सांगायचं तर मी दुसरंच म्हटलं होतं. म्हटलं, येऊ दे थोडा वास तिकडं. दुखू दे डोकं. बसू दे देवळीसमोर डोकं धरून.

मरावं असं मनात नव्हतं. एवढं तरी माझं ऐका.

शनिवारी सकाळी पलीकडून सिंधूच्या खोकण्याचा आवाज आला. मला गंमत वाटली. अंगद ओढ्याचं पाणी बघायला शेतात गेला. ऋतुजाची सकाळची शाळा होती. मी तिच्या दप्तरावर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि छत्री देऊन पाठवलं. साडेअकराला ती परत येणार होती. तिला आवडते म्हणून मी शेंगदाण्याची चटणी करायला घेतली.

पुढचं मला नंतर कळलं. पावसानं शाळेत पोरंच आली नाहीत म्हणून गुरुजींनी नऊला शाळा सोडली. दोघी पोरी परसातून सिंधूच्या घरात गेल्या. सिंधूला योजनेच्या केवायसीसाठी शिरूरला जायचं होतं, दयानंद आधीच कामावर गेला होता. ऋतुजानं तिचे हात धरले आणि म्हटलं, काकू, आईला सांगू नका, शाळा सुटायच्या वेळेला मी जाते. सिंधूनं दोघींना शेंगा दिल्या, मागचं दार आतून लावून त्याला कुलूप घातलं, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि ती गेली. कुलूप कशाला, तर पोरी बाहेर निघाल्या आणि मी बघितलं, तर ऋतुजा मार खाईल म्हणून. तिला घरात लसणासारखा वास येत होता, तो गोळ्यांचा होता. तिला वाटलं, माझीच फोडणी असेल.

दहाच्या सुमारास मी पडवीत माझ्या नेहमीच्या जागी, भिंतीला पाठ लावून दाणे कुटत होते. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की टीव्हीचं ऐकू येत नव्हतं. मी आवाज वाढवला. थोड्या वेळानं भिंत वाजली. ठक, ठक.

सिंधू शिरूरला गेलीय हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, आली वाटतं टीव्हीची पोटदुखी. मी आवाज आणखी वाढवला. भिंत पुन्हा वाजली. ठक, ठक, ठक. ठोके माझ्या पाठीशी येत होते, खाली, कमरेच्या वर थोडेसे. सिंधू उभी राहून वाजवते. पण हे मला आज सुचतंय. तेव्हा माझं डोकं तापलं होतं.

मी उठले आणि बत्त्यानं पाच ठोके दिले. पलीकडून दोन आले, हळू. मी पुन्हा पाच दिले, असे की गिलाव्याचा पोपडा चटणीत पडला. मग पलीकडं शांत झालं.

मी जिंकले होते. मी पोपडा काढून टाकला आणि उरलेले दाणे कुटले.

साडेअकराला मी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन शाळेत गेले. शाळेला कुलूप होतं. समोरच्या घरातल्या केवळाबाई म्हणाल्या, पोरं कधीच गेली की. मी आधी चिडलेच. मनात म्हटलं, भिजत हुंदडत असेल, सापडू दे. देवळात बघितलं, पाराजवळ बघितलं. परत येताना सिंधूच्या परसात पत्र्याखाली लपवून ठेवलेल्या चपला दिसल्या. निळ्या पट्ट्याच्या. मीच उदगीरच्या बाजारातून आणलेल्या.

मला सगळं एकदम कळलं. मग मी पळत पुढं गेले. दाराला कुलूप होतं. मी आमच्या पडवीतून बत्ता आणला आणि कुलूप फोडलं. अकरा-बारा घाव लागले.

वर्षाराणी दारातच पडली होती, खालच्या फटीला तोंड लावून. तिचा श्वास चालू होता. तिच्या ओकाऱ्या सगळ्या घरभर होत्या. ऋतुजा भिंतीशी बसली होती, माझ्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून, मी बसते बरोबर त्याच जागी. आमच्यामध्ये फक्त एक वीट होती. तिच्या खांद्याला दप्तर होतं आणि छत्री मांडीवर होती. तिचे ओठ निळे पडले होते. मी तिला उचललं तेव्हा ती गरम होती, म्हणून मला वाटलं की जिवंत आहे. लातूरच्या दवाखान्यापर्यंत मी तसंच समजत होते.

पोलीस आले. अंगद त्यांना म्हणाला, गोळ्या मी ठेवल्या, शेजारी सांगायचं मी विसरलो. फोन लावायला त्यानं मला सांगितलं होतं, हे त्यानं तोंडातून काढलं नाही. मीही काढलं नाही. केस त्याच्यावर झाली. तो घरी आला की माझ्याकडं न बघता जेवतो.

मला एकच गोष्ट उलगडत नव्हती. तिनं दप्तर का अडकवलं होतं? ज्याला श्वास घेता येत नाही, तो दप्तर कशाला अडकवतो? मी रात्रंदिवस तेच विचारत होते, अंगदला, सासूबाईंना, भेटायला येणाऱ्या बायकांना. कुणाला माहीत असणार? माहीत होतं ते एकीलाच आणि ती लातूरच्या दवाखान्यात होती.

बाराव्या दिवशी वर्षाराणीला घरी आणलं. तेराव्याला आमच्या पडवीत बायका बसल्या होत्या. ती एकटीच उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मागं अंगणात सिंधू होती. तिनं लेकीला थांबवलं नाही आणि पुढंही आली नाही. पोर हडकली होती, आवाज बसलेला होता. मी तिला जवळ घेतलं नाही. माझ्यानं झालंच नाही. फक्त दप्तराचं विचारलं.

"काकू, आमाला लई उलट्या व्हायल्या," ती म्हणाली. "मी म्हणलं, आईला हाक मार. ती म्हणली, हितनं हाक मारायची न्हाई, आई मारती. मग तिनं भिंत वाजवली. तुमी बी वाजवली."

मी म्हटलं, मग?

"मग ती म्हणली, आईनं ऐकलं. आता येती आई. तुमी लई जोरात वाजवली तवा हसली ती. दप्तर घेतलं आन् बसली. मला म्हणली, वाजवायचं बास कर, आई निघाली आसंल."

पडवीतल्या बायका रडायला लागल्या. मी अंगणाकडं बघितलं. सिंधू माझ्याकडंच बघत होती. तिनं लेकीला हाक मारली, हाताला धरलं आणि नेलं.

त्याच आठवड्यात दयानंदनं विटा आणल्या आणि राहिलेले दोन थर लावून टाकले. अर्ध्या दिवसाचं काम निघालं.

आता मी रोज सकाळी दहाला त्या भिंतीला पाठ लावून बसते. टीव्ही मोठा करते, अगदी वरपर्यंत. सिंधूनं एकदा तरी वाजवावं, लाटण्यानं, हातानं, कशानंही, आणि मग शिव्या द्याव्यात, माझ्या झिंज्या उपटाव्यात. ती आतच असते, तिची भांडी वाजतात. तिला पक्कं ठाऊक आहे की मी वाट बघतेय. ती वाजवत नाही.