साठ अंशांची वाट

मी एक जुना थर्मामीटर आहे. पण तापाने फणफणलेल्या माणसाच्या काखेत मी कधी गेलो नाही. माझे सारे आयुष्य सरोवराच्या पाण्यात गेले. काचेच्या नळीत लाल द्रव, भोवती पितळी जाळी आणि डोक्याला लांब दोरी, असा माझा थाट. माझे आकडे फॅरनहाइटचे, त्यांत पाणी बत्तीस अंशांवर गोठते.

अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, हिल्मा रौतिओ यांच्या लाकडी धक्क्याला मी चाळीस वर्षे टांगलेला आहे. मासेमारीला येणाऱ्यांसाठी त्यांच्या भाड्याच्या तीन केबिन आहेत. वसंतात बर्फ फुटला की दूरच्या गावांहून फोन येत, "पाणी किती?" हिल्माबाई मला वर ओढत, चष्मा कपाळावर सारत आणि आकडा सांगत. त्यावर लोकांच्या सुट्ट्या ठरत. कारण साठ अंशांच्या आसपास स्मॉलमाउथ बास मासा काठाशी येऊन खड्यांत गोल घरटे करतो. पुढे होड्यांवरच पाण्याचे तापमान सांगणारी यंत्रे आली. माझ्या जाळीवर शेवाळ चढले. मला कोणी विचारीना.

एका वर्षी मात्र आयोवा राज्यातून ऑरिन टेस्डाल यांचा फोन आला. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले हे गृहस्थ दर जुलैत येऊन खोल पाण्यातले बास पकडत. घरटे राखणारा नर त्यांनी कधी पाहिला नव्हता. आता त्यांची नजर मधोमध पुसट होत चालली होती. पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा डॉक्टर देत नव्हते.

हिल्माबाई फोन घेऊन धक्क्यावरच आल्या.

"मेचा शेवटचा आठवडा धरलाय," ऑरिन म्हणाले. "गळांची पेटीसुद्धा भरून ठेवलीय."

"काढ परत सगळं. यंदा बर्फच नऊ मेला फुटला. पाणी चव्वेचाळीसवर आहे. जूनचा दुसरा आठवडा धर."

ऑरिन यांची मुलगी मारित परिचारिका होती. ती फोनवर मध्येच बोलली, "हिल्माकाकू, माझी रजा मंजूर झालीय हो! आता बदलली तर आमची मोठी सिस्टर मला कच्चं खाईल."

"मग मेमध्ये ये आणि बापाला नुसते दगड दाखव. हा थर्मामीटर माझं ऐकत नाही, तुझ्या सिस्टरचं काय ऐकणार?"

मारित हसली. चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाची आपली सुट्टी तिने मैत्रिणीला देऊन टाकली आणि जूनचा आठवडा मिळवला.

ते दोघे आले तेव्हा मी छप्पन दाखवत होतो. वारा उत्तरेचा होता. दुसऱ्या दिवशीही छप्पन. ऑरिन कॉफीचा मग धरून धक्क्यावर बसत आणि "किती?" विचारत. मित्रांनो, मला खोटे बोलता येत नाही. नाहीतर त्या दिवसांत मी नक्की बोललो असतो. मग ऊन पडले. सहाव्या दिवशी मी एकसष्टवर गेलो.

"यालाही बरोबर न्या," म्हणत हिल्माबाईंनी माझी दोरी सोडली.

मारितने काठाकाठाने होडी वल्हवली आणि एका पांढुरक्या खड्यांच्या गोलावर थांबवून मला खाली सोडले. धक्क्याच्या सावलीत चाळीस वर्षे राहूनही मी असे पाणी पाहिले नव्हते! चार हात खालचा खडा न् खडा मोजता येत होता. वर होडी जणू हवेतच थांबली होती. आणि समोर तो होता. तांबूस अंग, उभे काळसर पट्टे, लालभडक डोळे. तो सरळ माझ्यावर धावून आला. ठक्! मग माघारी जाऊन शेपटीने अंड्यांना हळूहळू वारा घालू लागला. मी जरा हललो, की पुन्हा ठक्!

ऑरिननी मान वळवली. समोर बघितले की त्यांना करडा डाग दिसे, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून अजून स्वच्छ दिसत होते.

"मारित! अगं, तो थर्मामीटरला हाणतोय!"

"बाबा, गळ देऊ?"

"वेडी आहेस का? ड्युटीवर आहे तो."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, चर्चमध्ये बसावे तशी. दोघे तासभर त्यालाच बघत राहिले. मीही श्वास रोखल्यासारखा लटकून होतो. बोटभर काचेने केवढे मोठे पाहिले!

मित्रांनो, कधी अशा नितळ पाण्यावर गेलात, तर आधी वाकून बघा. एखादा मासा तुम्हाला न घाबरता एकाच जागी उभा दिसला, तर गळ पेटीतच राहू द्या आणि होडी हलकेच वळवा. तो क्षणभर जरी हलला, तरी बाजूचे मासे अंडी फस्त करतात. तो उभा आहे, म्हणूनच त्या खड्यांमध्ये शेकडो इवलेसे डोळे उघडत असतात.