सत्यभामाबाईची बधिर हनुवटी

मित्रांनो, १९४१ सालच्या सरकारी अहवालात एक वाक्य आहे : "डोंगरकडा येथे महारोगाची एक रुग्ण आढळली, संपूर्ण तपासणीअंती तिला गावाबाहेर ठेवण्यात आले." वाक्य सुबक आहे. त्यातले 'संपूर्ण' मात्र मला कुठे दिसले नाही, आणि मी तिथेच होतो.

मी दात उपटण्याचा एक जुना चिमटा आहे. सियालकोटच्या कारागिराने मला घडवले. १९३२ साली मी हिंगोलीकडच्या एका दवाखान्यात आलो. माझी पकड नामी आहे, असे लोक म्हणत. पुढे किसनसिंग डॉक्टर आले. दाढा उपटणे त्यांना कमीपणाचे वाटे. मी औषधपेटीच्या तळाशी गेलो आणि गंजू लागलो.

१९४१ साली त्यांच्या डोंगरकड्याच्या दौऱ्यात मेंढपाळ मुंजाजीची बायको सत्यभामाबाई समोर आली. तिचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर झाली होती. जेवताना ओठ चावला जाई. रक्त आले तरी तिला कळत नसे. शेजारची रुख्मिणीबाई आधी हसली होती, "काहून गं, भाकर पुरंना म्हणून व्हट खाऊन राहिलीस?" मग तीच गावभर कुजबुजली.

"साहेब, दाढ लई ठणकून राहिली..."

"विचारलं तेवढंच बोल." डॉक्टरांनी हात लांब करून तिच्या हनुवटीला सुई टोचली. "समजलं?"

"न्हाई जी. पर दाढ..."

निदान झाले होते. कातडी बधिर म्हणजे महारोग, एवढे त्यांनी वाचले होते. पुढचे पान उलटले नव्हते.

अंगावर पिणारी आठ महिन्यांची लेक सासूने उचलून नेली. सत्यभामाबाई शेतातल्या खोपीत राहिली. दूध दाटे, ती ते मातीत पिळून टाकी. मग तेही आटले.

चौथ्या महिन्यात देवीची लस टोचणारा धनसिंग दवाखान्याची तीच पेटी घेऊन गावात आला. तो खोपीवरून जाताना तिने लांबूनच विचारले, "भाऊ, माझ्या लेकराला टोचल्यावर ताप येईल का वो?"

तिच्या जबड्यावरची सूज पाहून तो थांबला. "ताई, आ कर बरं." त्याने पाहिले. "महारोग कशाचा! दाढ सडली तुजी. पुवानं आतली नस दाबली, म्हणून हनुवटी बधिर."

त्याने माझा गंज राखेने घासला, मला उकळत्या पाण्यात घातले. दाढ निघाली, मागोमाग वाटीभर पू. पाच आठवड्यांनी हनुवटीवर माशी बसली आणि सत्यभामाबाईने ती हाकलली. "अगं बाई! कळलं की मला!"

ती घरी गेली. लेकीने तिला ओळखले नाही. आजीच्या मानेला मिठी मारून रडत राहिली.

धनसिंगच्या सांगण्यावरून डॉक्टरांची चौकशी झाली. मेजावर पुरावा म्हणून मीही होतो. आज १९४८ साल आहे. अहवालातले वाक्य कुणी खोडलेले नाही. मित्रांनो, हत्यारे कोरडी ठेवा, आणि माणूस जिथे दुखते म्हणून सांगतो, तिथे पाहा. मी थकलो आहे. डॉक्टरांचा जबाब तेवढा जसाच्या तसा सांगतो :

"दाढ दुखते असे बाई दोनदा म्हणाली. मी ऐकले होते. तिच्या अंगाला मेंढरांचा वास येत होता, म्हणून मी वाकून तोंडात पाहिले नाही."