पाचवा बोल्ट

"चमचा," मिस्त्री म्हणाले.

बायको आत गेली आणि खरोखरच चमचा घेऊन आली. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. उघड्या बॉनेटखाली वाकून त्यांनी डाव्या हाताने आधी बोल्टकडे बोट दाखवलं, मग हत्यारांच्या पेटीकडे.

"पाना होय! मग तसं सांगा ना," ती बोलून गेली आणि लगेच तिने जीभ चावली.

सांगता आलं असतं तर काय हवं होतं? चार महिन्यांपूर्वी झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि शब्दांची सरमिसळ झाली. डोक्यात पाना असायचा, तोंडातून चमचा निघायचा. तीस वर्षं नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला स्वतःचं दुखणं सांगता येईना. बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आठवड्यातून दोनदा बायको स्वतः गाडी चालवून त्यांना तिथे नेई. काल परतताना गाडीचा पाण्याचा पंप गळायला लागला. मिस्त्रींचं गॅरेज आता जो चालवतो तो म्हणाला, दहा दिवस तरी हात लावता येणार नाही.

"दहा दिवस खाडा? मुळीच नाही," बायको म्हणाली. "तुम्ही दाखवा, मी काढते."

मिस्त्रींना ते पटलं नव्हतं. हिचा सगळा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. पण तिने इंजिनातलं पाणी काढलं, पट्टा उतरवला, पुली सोडवली. पंपाचा पहिला बोल्ट निघाला तेव्हा मिस्त्रींनी डबीचं झाकण पुढे केलं. तिने ते बाजूला सारलं. एका पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढला आणि ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी टोचून ठेवला.

"एक लांब, एक आखूड. मग कुठला कुठे म्हणून शोधत बसायचं?"

मिस्त्री बघतच राहिले. त्यांच्या गॅरेजात तीस वर्षं सगळे बोल्ट एकाच झाकणात पडत आले होते.

चार निघाले. खालचा पाचवा गंजून बसला होता. तिने पदर खोचला आणि अंगातलं सगळं बळ पान्यावर टाकलं. बारीकशी किरकिर झाली. डोकं तुटण्याआधी बोल्ट कसा कण्हतो, हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं.

"थांब!"

दोघंही जागच्या जागी थिजली. चार महिन्यांत पहिल्यांदाच हवा तो शब्द हव्या त्या वेळी आला होता.

"काय म्हणालात?"

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मग त्यांनी तेलाची बुधली उचलली, बोल्टच्या कडेने चार थेंब सोडले आणि तिला पायरीवर बसायची खूण केली.

"उशी," तेलकट बोटं दाखवत ते म्हणाले.

तिने क्षणभर विचार केला आणि हात पुसायला फडकं दिलं. मिस्त्री खो खो हसले.

अर्ध्या तासाने त्यांनी तिच्या हातावर आपला डावा हात ठेवला. जरा आवळायचं, जरा सैल करायचं, पुन्हा जरा आवळायचं. घाई नाही. सातव्या की आठव्या खेपेला बोल्ट फिरला. लाकडी हातोडीने दोन हलके ठोके दिले आणि पंप तिच्या ओंजळीत आला. मिस्त्रींनी त्याचा दांडा हलवला. तो चांगलाच डगडगत होता; गळती तिथूनच होती.

शेजारीण भिंतीवरून डोकावली. "मेकॅनिक मिळाला वाटतं! कोण हो?"

"मिळायचाय कशाला? घरचाच आहे की," बायको म्हणाली.

मिस्त्री खाली वाकून उगाचच पंप पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी नवा पंप बसला. गाडी सुरू झाली तेव्हा मिस्त्री डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत उभे होते. मग त्यांनी मान डोलावली.

डॉक्टरीणबाईंकडे निघायच्या दिवशी सकाळी ते जुन्या सवयीने स्टिअरिंगच्या बाजूला गेले, दाराला हात घातला आणि तिथेच थबकले. किल्ली घेऊन बायको मागे उभी होती.

मिस्त्रींनी दार उघडलं आणि ती आत नीट बसेपर्यंत धरून ठेवलं.