पेटीवरची धूळ

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे हं, वाजवायची! सध्या मुक्काम हुडकेश्वरला, अंकुशच्या घरी.

माझं तारुण्य कोराडीच्या कॉलनीत गेलं. अंकुशची आई, इंदूबाई, मला विहारात घेऊन जायची. भीमगीतं रंगली की माझ्या भात्याला दम खायलाही सवड नसे. वीज केंद्राच्या राखेनं अख्खी कॉलनी पांढुरकी व्हायची, पण माझ्यावर राख दिसली तर इंदूबाई घर डोक्यावर घ्यायची. एवढ्या लाडानं मी जरा शेफारलेच होते.

पुढे घरात कीबोर्ड आला आणि मी माळ्यावर गेले. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धा तर इतक्या वाढल्या, की एक संपायच्या आत दुसरी सुरू. अंकुशची मुलगी रितिका सहावीत. गळा अगदी आजीचा. तिनं स्पर्धेसाठी आजीचंच एक गाणं निवडलं. पण निवड करणारे पहिलंच कडवं ऐकतात, म्हणून अंकुश तिच्याकडून रोज तेवढंच घोटून घ्यायचा. पुढचं कडवं तिला येतच नव्हतं. वर अंधारात ते ऐकून माझा जीव घुसमटायचा.

एक दिवस मला खाली उतरवलं. रितिकाची निवड झाली होती आणि टीव्हीवाले घरी चित्रीकरणाला येणार होते. मला वाटलं, माझे दिवस फिरले! इंदूबाई फडकं घेऊन धावतच आली.

"आई, पुसू नको वं," अंकुश म्हणाला. "धूळ पायजे त्यायले. गरिबी दिसली पायजे."

त्यानं फ्रिज शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला, सोफा गच्चीवर चढवला आणि रितिकाला माझ्याजवळ जमिनीवर बसवलं. कॅमेरावाला म्हणाला, "आजी, पेटीकडे बघून थोडं रडा ना."

"काहून रडू गा? माही पेटी जिती हाये अजून!" इंदूबाई कडाडली.

मग रितिकालाच रडायला लावलं. माझी एक पट्टीसुद्धा कोणी दाबली नाही. मला फार वाईट वाटलं.

रितिका दुसऱ्याच फेरीत बाहेर पडली. शाळेतल्या पोरी विचारू लागल्या, "तुमच्या घरी फ्रिज नाही का वं?" त्या दिवसापासून तिनं गाणंच सोडलं. मीही कोपऱ्यात तशीच पडून राहिले.

काल मात्र ती हळूच माझ्याजवळ आली. तिनं झाकण उघडलं, एक सूर धरून पहिलं कडवं म्हटलं आणि इंदूबाईकडे वळून म्हणाली, "आजी, याच्या पुढचं कडवं सांग ना."

माझा भाता फुलला! इंदूबाईनं गळा साफ केला. तेवढ्यात अंकुश आत आला.

"दुसऱ्या चॅनेलवर नवीन शो सुरू होऊन राहिला! ते पेटी बंद कर वं, बेटा. सारी धूळ उडून राहिली ना!"

रितिकानं झाकण लावलं.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल तर ते पुसा, वाजवा. आणि तुमच्या वर्गात एखादी रितिका असेल, तर तिला फ्रिजचं विचारू नका. पुढचं कडवं विचारा. मला ते पाठ आहे, पण झाकण मला आतून उघडता येत नाही.